भिंत ओली आहे

आमच्या नव्या घरात सगळ्यात आधी कोण झोपलं असेल, तर तो पेंटर. भंतेजींना बोलावून परित्राण पाठ करायचा होता, पंखे लागायचे होते, नळाला पाणी यायचं होतं. त्या सगळ्याच्या आधी हा गृहस्थ सिमेंटचं रिकामं पोतं हॉलच्या मधोमध अंथरून त्यावर उताणा पडला होता. मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आलेलो, दारात उभा, आणि हा छातीवर हात ठेवून छताकडे बघतोय. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग तो कुशीवर वळला आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. मला वाटलं, माणसाला भोवळबिवळ आली असावी.

"बरं वाटत नाही का?" मी विचारलं.

"बोलू नोका," तो म्हणाला. "भिंत पाहून राहिलो."

ही त्याची रीतच होती. रंगवायच्या प्रत्येक खोलीत तो आधी आडवा व्हायचा. उताणा, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या. संडास-बाथरूम तेवढे सोडायचा. का, असं विचारलं तर आपल्याला एवढंही कळत नाही अशा नजरेने बघायचा आणि मग सांगायचा, "उभा माणूस घडीभर राहाते अन् बाहेर निंगून जाते. भिंत त्याच्यासाठी नसते. जो पडून राहाते, त्याले दिवसभर थेच पाहा लागते."

तो मोहाडीकडच्या एका खेड्यातला. रोवण्याच्या दिवसांत हात जोडून विनवलं तरी यायचा नाही, धानाच्या बांधीत असायचा. बाकी वर्षभर भंडाऱ्यातली घरं रंगवायचा. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, आणि दिवसभर काम करून त्या शर्टावर रंगाचा एक थेंब नाही. रंग असायचा तो फक्त डाव्या अंगठ्याच्या नखावर. नवा रंग तयार झाला की तो नख त्यात बुडवायचा आणि एक अख्खा दिवस तसाच फिरायचा. उन्हात नख बघायचा, सावलीत बघायचा, एसटीत खिडकीला धरून बघायचा, चहाच्या टपरीवर ट्यूबलाइटखाली बघायचा. ब्रश ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसायचा. कंडक्टरने पिशवी वर ठेवायला सांगितली की भांडायचा. हाताखाली माणूस ठेवायचा नाही, कारण बोलणारा माणूस त्याला चालत नसे आणि न बोलणारा त्याला अजून भेटला नव्हता.

त्याच्या नावाने गावात एक किस्सा सांगतात. पितळी भांड्यांच्या एका मोठ्या दुकानदाराच्या घरी तो कामाला होता. सगळं घर झालं, मागची एक खोली राहिली. त्या खोलीत दुकानदाराची म्हातारी आई राहायची. शेठजी म्हणाले, आता नवा डबा कशाला फोडता, चार डब्यांत उरलंय ते एका बादलीत ओता आणि मारून टाका. हे तसं सगळेच करतात. मीही केलं असतं. आमच्या पेंटरने उरलेले रंग खरोखरच एका बादलीत ओतले, काडीने ढवळले आणि बादली घेऊन थेट देवघरासमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "आधी हे रंगवतो ह्या बादलीतून. मंग मायची खोली." शेठजींनी नवा डबा आणवला. पण पुन्हा कधी त्याला कामाला बोलावलं नाही.

हा किस्सा मला माहीत असता तर मीही बोलावलं नसतं, हे आता सरळ सांगून टाकतो.

कारण पहिल्याच दिवशी, पोत्यावरून उठून शर्ट झटकत त्याने मला विचारलं, "घरात माणसं किती?"

"तिघं. मी, बायको, मुलगी."

"मायबाप?"

"आई नाही. बाबा चिखल्याला असतात."

"तिथंच राहीन?"

"हो. त्यांना तिथंच करमतं."

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि मग "मंग ठीक," म्हणाला.

ते ठीक नव्हतं आणि मला ते ठाऊक होतं. बाबा चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत उभा जन्म जमिनीखाली उतरले. निवृत्त झाल्यावर वसाहतीच्या बाजूलाच एक खोली भाड्याने घेऊन राहिले. आई गेल्यापासून एकटेच. न्हाणीत एकदा घसरून पडले होते. शेजारचे काका, बाबांचेच खाणीतले सोबती, मला दर आठवड्याला फोन करायचे, "बाबू, आता घेऊन जा म्हाताऱ्याले." मी म्हणायचो, "घर होऊ द्या, काका." घर होत आलं. एक खोली आमची. एक मुलीची, कारण तिचं बारावीचं वर्ष. स्वयंपाकघर. मागे सामानाची लहानशी खोली, जिला रंग नको, चुन्याचा एक हात पुरे असं मीच सांगितलं होतं. आणि हॉल. बायकोने दोनदा विचारलं होतं, "अहो, बाबांचं कसं करायचं?" दोन्ही वेळा मी "बघू" म्हणालो. घराचा नकाशा माझ्याच हातचा होता आणि त्यात बाबांची खाट कुठेच नव्हती. ते येतील की नाही हे मी ठरवत नव्हतो. ते येऊ नयेत याची वाट बघत होतो.

हॉलचा रंग बायकोच्या मनातला. तिने मोबाइलवर एक फोटो जपून ठेवला होता. गडद मोरपंखी भिंत, जवळजवळ काळपट वाटावी इतकी गडद, आणि पुढे चकचकीत पितळेची भांडी. तिच्या आईचे पाणी भरायचे दोन पितळी गुंड आणि एक परात तिने चिंचेने घासून तयार ठेवली होती. रंगाचं नाव ती इंग्रजीत सांगायची. पेंटरने फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि म्हणाला, "मोरपंखी. पण दिवस मावळल्यावरचा." मग तिलाच विचारलं, "ताई, पितळ रोज घासान का? ह्या रंगापुढं पितळ बोलते. पण मळकं राहिलं तं थेही बोलते." ती हो म्हणाली. तेव्हा त्याने आपल्या अटी सांगितल्या. "दोन हातात होत नाही. तीन लागतीन. अन् तिसरा हात वाळेपर्यंत कोणी आत पाहाचं नाही."

आम्हाला वाटलं, बोलण्याची पद्धत असेल. मागच्या खोल्या उरकून हॉल सुरू केला त्या दिवशी त्याने मधलं दार आतून लावून घेतलं आणि पुढच्या दाराला स्वतःचं कुलूप लावलं. आम्ही तोवर मागच्या खोल्यांमध्ये राहायला आलो होतो. स्वतःच्या नव्या घरात आम्ही मागच्या दाराने, सामानाच्या खोलीतून, पुट्टीच्या गोण्या ओलांडत ये-जा करायचो. किल्ली त्याच्या कमरेला. संध्याकाळी तो कुलूप ओढून बघून मोहाडीच्या एसटीला जायचा. मी ऑफिसात हे कोणाला सांगितलं नाही.

पहिला हात झाला त्या संध्याकाळी बायकोने बाहेरून खिडकीच्या काचेतून डोकावून पाहिलं. भिंत पाणी आटलेल्या बोडीच्या काठावर शेवाळ धरावं तशी दिसत होती, कुठे हिरवी, कुठे राखी, कुठे उघडी पांढरी. ती जेवली नाही. "माझ्याच हट्टापायी झालं," म्हणाली. सकाळी मी पेंटरला जाब विचारला तर तो आधी खिडकीकडे गेला, काचेवर नाक टेकल्याचा ठसा बघितला आणि सगळ्या काचांना आतून वर्तमानपत्र चिकटवलं. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलेना. मीही बोलेना. घरात दिवसभर पॉलिश पेपरचा खरखर आवाज, आणि मुलगी कानात बोळे घालून गणितं करते आहे. आठवड्याभरात मला त्या माणसाचा मनापासून तिटकारा आला होता.

कुलूप लागल्याच्या आठव्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला. बाबा पुन्हा पडले होते. डोक्याला टेंगूळ, गुडघा सुजलेला, हाड शाबूत. "आता मी विचारत नाही, बाबू," काका म्हणाले. "गाडीत बसवून देल्लं. बस स्टँडवर उतरतीन. घेऊन ये."

मी स्टँडवर गेलो. बाबा बाकावर बसले होते, बाजूला पत्र्याची पेटी आणि दोरीने बांधलेली वळकटी. मला बघून म्हणाले, "काम सोडून आला का? म्या ऑटो केला असता." ऑटोत ते बाहेर बघत राहिले. नवं घर त्यांनी बघितलं नव्हतं. मी दाखवायला कधी नेलंच नव्हतं.

ऑटो दाराशी थांबला आणि माझ्या लक्षात आलं की पुढचं दार बंद आहे. वाजवलं. आतून आवाज आला, "आज नाही." मी पुन्हा वाजवलं नाही. बाबांना आधार देत घराला वळसा घालून मागे नेलं. अशा रीतीने माझ्या वडिलांनी माझ्या घरात पहिलं पाऊल टाकलं ते सामानाच्या खोलीत. बायको धावत आली, पाया पडली, पाणी घेऊन आली. मी गोण्या बाजूला सारल्या, जुना पंखा उचलून ठेवला, घडीची खाट उघडून भिंतीला लावली आणि म्हणालो, "इथे शांत वाटेल तुम्हाला. मागे वारा पण येतो."

खिडकी नव्हती त्या खोलीला.

बाबा खाटेवर बसले नाहीत. पेटीवर बसले. वळकटी मांडीवर घेतली. चुन्याच्या ओघळांकडे बघत म्हणाले, "मस्त आहे. मी परवा वापस जातो, बाबू. गुडघा उतरला का जातो." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. बायको माझ्याकडे बघत होती आणि मी पंख्याच्या वायरीची गुंडाळी करत होतो.

तेवढ्यात मधलं दार उघडलं. हात पुसत पेंटर बाहेर आला. त्याने पेटीवर बसलेल्या माणसाकडे बघितलं, खाटेकडे बघितलं, गोण्यांकडे बघितलं.

"हे कोण?"

"बाबा," मी म्हणालो.

"चिखल्याले करमते ना ह्यायले?"

बाबांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडचं वाक्य त्यांना त्या परक्या माणसाकडून ऐकावं लागलं. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण जाणार कुठे, पुढचं दार बंद होतं.

पेंटरने बाबांच्या मांडीवरची वळकटी उचलून खाली ठेवली आणि हात पुढे केला. "चाला बाबूजी. पाह्यल्याबिगर कायले जाता?" आठ दिवस आम्हाला न दिसलेल्या हॉलमध्ये तो बाबांना सगळ्यांच्या आधी घेऊन गेला. आम्ही मागून गेलो.

भिंत झाली होती. फोटोतल्यापेक्षा सुंदर झाली होती. शेवाळाचा मागमूस नाही, वरपासून खालपर्यंत एकसारखी, खोल, शांत. बायकोने तोंडावर पदर धरला. पण बाबा उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून थबकले. त्यांचा चेहरा पडला होता, किंवा मला तसा हवा होता. मी ती संधी साधली. भराभर बोललो.

"बाबांना हा रंग सोसायचा नाही. इतकी वर्षं खाणीत अंधारात काढली, आता घरातही अंधारच का? मी आधीच म्हणालो होतो. आपण पांढरा करून टाकू. उद्यापासून सुरू करा, पुन्हा पांढरा."

मी आधी काहीच म्हणालो नव्हतो. बायकोने पदर खाली घेतला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. ती भिंत तिची होती, आणि मी ती माझी अब्रू झाकायला देऊन मोकळा झालो होतो.

"रंगावर नोका ढकलू, बाबूसाहेब," पेंटर म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "पांढरा मारतो मी. चार हात मारतो. पण आधी ह्यायले विचारा. म्या तुमाले पहिल्या दिवशी विचारलं होतं."

मी विचारायला तोंड उघडलं, पण बाबाच बोलले. ते पुढे गेले होते आणि एक तळहात त्या भिंतीवर सपाट ठेवून उभे होते. कोणी भिंतीला बोट लावलं तर अंगावर धावून जाणारा पेंटर तेव्हा त्यांच्या हाताकडे बघत होता.

"अंधाराले मी कायले भेऊ?" बाबा म्हणाले. "खाली उतरलो का सारा अंधारच. टोपीचा दिवा, त्याचा उजेड केवढासा. पण हाक मारली का कोणी ना कोणी ओ दे. एकटं कोणी नोहोतं खाली. आता खोलीत लाइट आहे, पंखा आहे. परवा पडलो, तं हाका मारल्या. किती टाइम मारल्या, मले नाही माहीत." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "रंगाचं मले काही नाही. तुह्या घरात माही खाट कुठं राहीन, तेवढं सांग. नाहीतं मी जातो. मले तिथं सवय आहे."

मला शरम वाटत होती आणि त्या पेंटरसमोर वाटते म्हणून चीडही येत होती. "इथेच," मी म्हणालो. "ह्याच भिंतीला लावू." फोटोतल्या पितळेची जागा ती. बायकोने लगेच मान डोलावली.

"आज नाही होत," पेंटर म्हणाला. "भिंत ओली आहे. उद्या दुपारी लावा."

"मग आजच्या दिवस..." मी म्हणालो. माझी नजर मागच्या दाराकडे गेली. ती गेलेली पेंटरने पाहिली, बाबांनीही पाहिली. खरं सांगायचं तर मी मनात मांडामांड करत होतो. मुलीच्या खोलीत नको, परीक्षा आहे. आमच्या पलंगावर बाबा, तर मी कुठे, माझी कंबर धरलेली. एकच तर दिवस, मागे काढतील. हे सगळं फार थोड्या वेळात मनातून गेलं असेल, पण तिथे उभं राहून ते फार लांबलं. पेंटर ब्रश पुसत होता, पुसून झालेला ब्रश पुन्हा पुसत होता.

मग बायको हातात इस्त्रीची चादर घेऊन माझ्या समोरून आमच्या खोलीत गेली. पलंगावरची जुनी चादर ओढून काढल्याचा आवाज आला. "बाबा, या," तिने आतून हाक मारली. "इकडे या, पाय पसरा जरा."

"आलो," बाबा म्हणाले.

पेंटरने कुलूप पिशवीत टाकलं, ब्रश ओल्या फडक्यात गुंडाळले आणि पुढच्या दाराने निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बाबांची खाट त्या भिंतीला लागली. ती अजून तिथेच आहे. येणारे पाहुणे आधी भिंतीकडे बघतात, "कोणाकडून केलं?" विचारतात, आणि मग त्यांना कळतं की भिंतीखाली एक म्हातारा माणूस पडलेला आहे आणि तो त्यांचं सगळं बोलणं ऐकतो आहे. पेंटरचा नंबर मी सगळ्यांना देतो. तो आता शिडीवर चढत नाही, गुडघे गेले. तरी भंडाऱ्यात कामाला आला की आमच्याकडे येतो. माझ्याकडे नव्हे, बाबांकडे. दोघं फारसं बोलत नाहीत. धान कसं आहे, गुडघा कसा आहे, एवढंच. चहा घेतो, भिंतीला एकदा गाल लावून ओल आली का बघतो आणि एसटीला जातो. मी दिसलो तर मान हलवतो. मला वाटायचं, माझ्याबद्दल त्याचं मत त्या दिवशी झालं ते झालं.

मागच्या महिन्यात तो येऊन गेल्यावर मी बाबांच्या खाटेशी बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "विक्षिप्त आहे, पण रंगाच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोलला नाही."

बाबा हसले. "बोलला ना. एकदा."

"कधी?"

"भिंत ओली नोहोती. म्या हात लावून पाह्यला. हाताले काही नाही लागलं. कालचीच वाळून होती." त्यांनी तळहात वर करून दाखवला. "म्या पाह्यलं, हे त्यानंही पाह्यलं."

मला कळायला थोडा वेळ लागला. खाट त्याच दिवशी त्या भिंतीला लागू शकली असती. रंगाच्या कामात उभ्या जन्मात लबाडी न केलेला माणूस माझ्या बापाला एक दिवस माझ्या पलंगावर झोपायला मिळावं म्हणून खोटं बोलला होता. किंवा मला काहीतरी करायची संधी मिळावी म्हणून.

"मग तुम्ही का नाही बोललात, बाबा?"

"कायले बोलू? म्हटलं, पाहू पोरगा काय करते."

मी खाली मान घालून बसलो. इतक्या दिवसांनी कोणी अंगावरचं पांघरूण ओढून काढावं तसं झालं मला. वाटलं, विषय इथेच सोडावा. पण ते माझ्याकडे बघत होते आणि त्या नजरेत राग नव्हता, म्हणून मला विचारावंच लागलं.

"मग काय पाहिलं?"

बाबा भिंतीकडे कुशीवर वळले.

"सुनेनं चादर टाकली," ते म्हणाले.